फुस्स वाजतं म्हणजे औषध आहे असं नाही: बिनकाउंटरच्या पंपाचे नऊ महिने

आधी तक्रार, बाकीचं मागाहून. दम्याच्या ज्या पंपावर माणसाचा श्वास अवलंबून आहे, त्यात औषध किती उरलंय हे कळायची काही सोयच नसावी? साध्या बॉलपेनची रिफिल पारदर्शक असते. डास मारायच्या औषधाच्या बाटलीतही पातळी दिसते. आणि इथे ॲल्युमिनियमची बंद डबी, वरून प्लॅस्टिकचं नळकांडं. बसा अंदाज करत.

पंप बुडेसोनाईडचा, म्हणजे स्टेरॉईडचा, २०० मायक्रोग्रॅमचा, साधा दाबायचा. कंपनीचं नाव घेत नाही, कारण ही खोड एकाच कंपनीची नाही. १० जूनला सुरू केला, सकाळी दोन फवारे, रात्री दोन, स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामधलं प्लॅस्टिकचं पोकळ नळकांडं) लावून. पंप कसा दाबायचा, श्वास किती सेकंद धरायचा हे वाचणाऱ्यांना माहीत असणार. ते सोडून देते.

पहिले तीन महिने माझं मत असं होतं की हा पंप म्हणजे पैसे घेऊन काहीच न करणारा नोकर. निळा पंप, म्हणजे दम लागल्यावर घ्यायचा तो, मारला की पाच मिनिटांत छाती मोकळी होते. हा मारला की काही म्हणजे काहीच होत नाही. वर चूळ भरायची कटकट, नाहीतर तोंडात बुरशी येते. सासूबाई म्हणायच्या, "अगं, पंपाची एकदा सवय लागली की सुटत नाही." मला उलट वाटायचं, सवय लागण्यासारखं यात आहेच काय?

तरी घेत राहिले. पैसे दिले होते ना.

आता माझा काटकसरीपणा. आमच्याकडे टूथपेस्टची नळी लाटण्याने लाटून मग कात्रीने कापतात. पंपाच्या डबीवर २०० फवारे लिहिलंय, रोजचे चार, म्हणजे ५० दिवस. पण पन्नासाव्या दिवशीही तो फुस्स करत होता, मग टाकायचा कसा? ६५ दिवस चालवला आणि कंपनीच्या हातून पंधरा दिवस फुकटात काढले म्हणून खूश झाले. दुसरा १४ ऑगस्टला लावला, तो २० ऑक्टोबरपर्यंत ओढला. मधे छातीत थोडी शिट्टी वाजायची, ती पावसावर ढकलली. कोणीतरी सांगितलं होतं की डबी पाण्यात टाकून बघ, बुडाली तर भरलेली आणि तरंगली तर रिकामी. पातेल्यात टाकली. ती अर्धवट तिरकी होऊन डुलत राहिली. मी त्याचा अर्थ ‘अजून आहे’ असा लावला. मागाहून कळलं की तरंगण्याचा आणि उरलेल्या औषधाचा काही भरवशाचा संबंध नाही, शिवाय डबी पाण्यात घालूच नये.

तिसरा पंप २० ऑक्टोबरचा. हिशेबाने तो ८ डिसेंबरला संपला. मी तो २७ डिसेंबरपर्यंत मारत होते.

त्या दिवशी थंडी अशी की निफाडकडून येणारा वारा सरळ पंचवटीत घुसत होता. रात्री नऊला माळ्यावरच्या गोधड्या काढल्या आणि गॅलरीत झटकल्या. दहा मिनिटांत शिंका, डोळ्यांना खाज, छातीवर दगड. निळ्या पंपाचे दोन फवारे, आराम. मग माझा नेहमीचा मुका नोकर, दोन फवारे, फुस्स फुस्स. झोपले. पहाटे तीनला जाग आली ती श्वास आत जातोय पण बाहेर येत नाहीये म्हणून. निळा पंप चार वेळा मारला, फरक नाही. ह्यांनी रिक्षा बोलावली. मी पायरीवर बसून दोन शब्दांच्या वर बोलू शकत नव्हते. कॅज्युअल्टीत ऑक्सिमीटर ९१ दाखवत होता. नेब्युलायझर, स्टेरॉईडचं इंजेक्शन, सकाळपर्यंत मुक्काम.

आठवड्याने छातीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ताई, हा पंप कधी लावला?" मी तारीख सांगितली. त्यांनी बोटांवर मोजलं आणि डबी टेबलावर ठेवली. "एकोणीस दिवस तुम्ही नुसती हवा मारताय. फवारा ज्याच्या जोरावर उडतो तो गॅस उरतो, औषध उरेलच असं नाही." नेमकं हेच मला इतक्या महिन्यांत ना डबीने सांगितलं, ना औषधवाल्याने.

इथे माझं मत पहिल्यांदा फिरलं. हा नोकर काही करत नाही असं वाटायचं, कारण तो काय करतो ते दिसत नव्हतं. डॉक्टरांनी कागदावर जे काढून दाखवलं आणि नंतर मी जे वाचलं, ते माझ्या भाषेत सांगते.

गोधडीत धुळीचे किडे असतात, डोळ्याला न दिसणारे. त्रास देतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेतला प्रथिनांचा कचरा. श्वासनळीच्या अस्तरात पहारा देणाऱ्या डेंड्रायटिक पेशी हा कचरा उचलून लसिका गाठींपाशी नेतात आणि टी पेशींना, म्हणजे शत्रू कोण ते ठरवणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या पेशींना, दाखवतात. बहुतेकांच्या टी पेशी म्हणतात, जाऊ दे, धूळ आहे. माझ्यासारख्यांच्या टी पेशी ‘टाईप २’ नावाच्या वळणावर जातात आणि निरोप सोडायला लागतात. इंटरल्यूकिन-४ आणि १३ या निरोपांवर बी पेशी आयजीई नावाची प्रतिपिंडं बनवतात. ही आयजीई जाऊन अस्तरात बसलेल्या मास्ट नावाच्या पेशींवर बसते आणि तिथे कित्येक आठवडे बसून राहते. म्हणजे मी गोधडी झटकायच्या आधीच बंदूक भरलेली होती. किड्यांचा कचरा आला, शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकदम चिकटला, आणि मास्ट पेशीने पोटातली हिस्टामाईनची, म्हणजे शिंका-खाज आणणाऱ्या रसायनाची, पोती ओतली. नऊ वाजून दहा मिनिटांच्या शिंका त्या ह्या. (जर्मन डॉक्टर पॉल एर्लिख यांनी १८७८ मध्ये या पेशींना मास्ट हे नाव दिलं, कारण त्यांना वाटलं की या पेशी खाऊन-पिऊन गलेलठ्ठ झाल्यात. समजूत चुकली, नाव राहिलं.)

पहाटे तीनचा मामला वेगळा. तो इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींचा. इंटरल्यूकिन-५ हा निरोप हाडांच्या मगजापर्यंत जातो आणि तिथून हे पांढरे शिपाई निघतात. मूळ काम जंत मारणं. त्यांच्या कणांमध्ये जंताची कातडी जाळणारी प्रथिनं असतात. जंत नसतील तर ती माझ्याच श्वासनळीच्या अस्तरावर सांडतात. त्यांची झुंड जमायला काही तास लागतात. म्हणून ॲलर्जीचा पहिला झटका मिनिटांत येतो आणि दुसरा चार-आठ तासांनी, बहुधा आपण झोपलेले असताना.

आता पंपांचं. निळा पंप श्वासनळीभोवतीचे आवळलेले स्नायू सैल करतो. आत जमलेल्या इओसिनोफिलच्या झुंडीला तो हातही लावत नाही. माझा मुका नोकर, म्हणजे स्टेरॉईड, पेशींच्या आत शिरून त्या निरोपांचं लिखाणच बंद पाडतो. निरोप थांबले की इओसिनोफिल जगत नाहीत, काही दिवसांत आपोआप मरतात. हे काम आठवड्यांचं, म्हणून मारल्याबरोबर काही जाणवत नाही. आणि म्हणूनच औषध संपलं तेही जाणवत नाही. निळा संपला तर पाच मिनिटांत कळतं. हा संपला तर तीन आठवड्यांनी, पहाटे तीनला. ज्या पंपाला काउंटर सगळ्यात जास्त हवा, त्यालाच नाही!

‘निळा असला की बास’ म्हणणाऱ्यांसाठी एक ओळ: दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांमध्ये २०१९ पासून मोठ्यांनी फक्त निळ्या पंपावर राहू नये असं स्पष्ट आहे.

कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला. वीस मिनिटं संगीत ऐकलं. मुलगी सौजन्याची होती. "मॅडम, वेष्टणावर फवाऱ्यांची संख्या दिलेली आहे, तुम्ही नोंद ठेवायला हवी होती." म्हटलं, ताई, २०० भागिले ४ मलाही येतं, पण पाच आठवड्यांनी कोणाला आठवतं कुठवर आलो? महिन्याचा पंप असता तर एक तारखेला बदलला असता. पन्नास दिवस हा काय आकडा आहे? ना महिना, ना दोन. तिने तक्रार क्रमांक दिला. तो अजून माझ्याकडे आहे.

त्यानंतर मला रक्ताच्या रिपोर्टचा नाद लागला, हेही कबूल करते. कॅज्युअल्टीत इंजेक्शनच्या आधी घेतलेल्या रक्तात इओसिनोफिल ८६० होते. प्रयोगशाळेच्या छापील मर्यादेत वरचा आकडा ५००. मला वाटलं, सापडला काउंटर! पंप चालतोय की नाही ते रक्तच सांगेल. जानेवारीत दोनदा तपासलं, एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी, आकडे वेगवेगळे. डॉक्टरांकडे कागद घेऊन गेले तर त्यांनी मलाच झापलं. हे शिपाई रक्तात एक दिवसही धड थांबत नाहीत, नुसते प्रवासात असतात, त्यांची वस्ती फुप्फुसात. शिवाय सकाळी कमी आणि रात्री जास्त असतातच. "सीबीएस बसस्टँडवरची गर्दी मोजून नाशिकची लोकसंख्या सांगताय तुम्ही." जंतांमुळेही आकडा वाढतो, म्हणून त्यांनी आधी शौच तपासून घेतली होती, तेव्हा मला ते उगीच वाटलं होतं. आकडा कामाचा आहे, पण कोणत्या प्रकारचा दमा आणि कोणतं औषध लागू पडेल हे ठरवायला. काही दमेकऱ्यांमध्ये इओसिनोफिल वाढलेलेच नसतात. इंटरल्यूकिन-५ अडवणारं मेपोलिझुमॅबचं इंजेक्शन सुरुवातीला सरसकट वापरून पाहिलं तेव्हा फारसं जमलं नाही. २००९ मध्ये ज्यांचे इओसिनोफिल खरोखर जास्त होते अशांवर वापरलं, तेव्हा झटके कमी झाले. मला त्याची गरज नाही असं डॉक्टर म्हणाल्या. मी किंमत विचारली आणि दम्याचा असूनही सुटकेचा श्वास लांब घेतला.

रक्ताऐवजी त्यांनी पीक फ्लो मीटर घ्यायला लावला. फुंकरीचा वेग मोजणारी प्लॅस्टिकची नळी, बॅटरी नाही, सेल नाही, जोरात फुंकायचं आणि काटा बघायचा. डिसेंबरच्या त्या आठवड्यानंतर २४०, आता ३५० च्या आसपास. पैसा वसूल वस्तू.

आता नवीन पंप, बुडेसोनाईड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र, १२० फवारे, आणि पाठीवर काउंटर! तीस दिवसांचा सरळ हिशेब. फॉर्मोटेरॉलमुळे मारल्याबरोबर मोकळंही वाटतं, म्हणजे नोकर आता बोलतो. पहिले पंधरा दिवस मी पाच तारे द्यायच्या बेतात होते. मग भाचा आला, त्याला उलटी गिनती आवडली, आणि त्याने हवेत सहा फवारे मारले. काउंटरला काय, हवेत मारा नाहीतर छातीत, तो एक कमी करतो. दीड दिवसाचं औषध गेलं. शिवाय हा पंप जुन्यापेक्षा महाग. जुन्याचा रोजचा खर्च कटिंग चहापेक्षा कमी होता, याचा जास्त आहे. काउंटरचेच पैसे घेतात की काय असं वाटतं. तरी चार तारे.

स्पेसरबद्दल एवढंच की मी तो रोज फडक्याने चकाचक पुसायची. प्लॅस्टिक घासलं की वीज साठते आणि औषध भिंतीला चिकटतं. साबणाच्या पाण्यातून काढून नुसता वाळत ठेवायचा. इतके महिने मी माझ्या हाताने अर्धं औषध भिंतीला दिलं असेल.

गोधड्या आता माळ्यावरून काढल्या की आधी उकळत्या पाण्यातून काढते, मग दिवसभर ऊन. सिंहस्थाच्या कामांनी रस्त्यावर उडणाऱ्या धुळीचं मात्र काही करता येत नाही, तिथे तोंडाला ओढणी.

आणि कॅलेंडरवर, जिथे ‘सिलिंडर लावला’ लिहिते, त्याच्याच खाली ‘पंप लावला’ लिहिते. सिलिंडर किती दिवस जातो हे तीस वर्षं मला तोंडपाठ आहे. पंपाला हीच अक्कल लावायला कॅज्युअल्टीत जावं लागलं.

परवा शेजारच्या काकू आल्या होत्या. त्यांचाही जुनाच पंप, बिनकाउंटरचा. पिशवीतून काढला, कानाशी नेऊन खुळखुळवला आणि म्हणाल्या, "आहे गं अजून." मी विचारलं, "काकू, लावला कधी?" त्या आठवत बसल्या. नवरात्राच्या आधी की नंतर, ते काही त्यांना सांगता येईना.