गालांच्या लालीवर स्वस्तातला हिरवा करेक्टर: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

करेक्टर म्हणजे फाउंडेशनखाली लावून डागाचा रंग मारणारी रंगीत क्रीम. दोन-तीनशे रुपयांच्या चार रंगी क्रीम पॅलेटमध्ये चेहऱ्याची लाली झाकायच्या कामाचे रंग दोनच, हिरवा आणि पिवळा. पीच डोळ्यांखालच्या काळेपणासाठी ठेवा. जांभळ्याला गव्हाळ चेहऱ्यावर फारसं काम नाही. एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरून झाल्यावर मत असं की माल ठीक आहे, बिघडतं ते प्रमाणात.

रंगचक्रात हिरवा लालच्या समोर येतो, म्हणून तो लालीचा भडकपणा मारतो. पण त्याने त्वचेचा रंग येत नाही, जागा नुसती मळकट-फिकी होते. रंग यायचा तो वरच्या फाउंडेशनने. त्यामुळे नुसत्या करेक्टरनेच लाली पार गेलेली दिसली, तर तो जास्त झालाय. थोडी गुलाबी झाक उरलीच पाहिजे. दोन्ही गालांना मिळून मुगाच्या दाण्याएवढा पुरे, नाकाच्या कडांना बोटावर उरलेला.

पॅलेटमधून बोट थेट गालावर नेलं तर हिरवा ठिपका एकाच जागी बसतो आणि मग पसरत नाही. आधी हाताच्या पाठीवर फिरवून मऊ करून घ्या, मग अनामिकेने टिपत लावा. घासलं की त्वचा आणखी लाल होते, आणि फाउंडेशन घासून लावलं तर खालचा हिरवा त्यात कालवला जातो. ओल्या स्पंजने, दाबत दाबतच लावा.

या पॅलेटमधला हिरवा फिकट पुदिन्यासारखा असतो, म्हणजे त्यात पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड भरपूर. गोऱ्या चेहऱ्यावर ते खपून जातं, गव्हाळ चेहऱ्यावर राखाडी पडतं. उपाय सोपा: एक भाग हिरव्यात दोन भाग पिवळा मिसळायचा. सावळ्या रंगाला हिरवा वगळून पिवळसर झाक असलेला कन्सीलरच (डाग झाकणारी, त्वचेच्या रंगाची दाट क्रीम) बरा.

मुळात डाग लाल आहे का तेही बघा. काचेचा स्वच्छ ग्लास त्यावर हलका दाबा. रंग फिका पडला तर ती लाली, तसाच राहिला तर बहुधा मुरुमानंतरचा तपकिरी डाग. तपकिरीवर हिरवा लावलात तर चिखल होतो, तिथे पीच किंवा नारिंगी हवा.

सर्वात जास्त तक्रार गोळ्या सुटण्याची, म्हणजे लावलेले थर चेहऱ्यावरच बारीक गोळ्या होऊन निघण्याची. मॉइश्चरायझर, त्यावर सनस्क्रीन, त्यावर करेक्टर हा क्रम बरोबरच, पण सनस्क्रीन मुरायला दहा मिनिटं द्यावी लागतात आणि घाईच्या सकाळी नेमकी तीच मिळत नाहीत. शिवाय सिलिकॉनवाल्या सनस्क्रीनवर पाण्याचा बेस असलेलं फाउंडेशन बऱ्याचदा टिकत नाही. दोन्ही एकाच जातीची घ्या, सिलिकॉनची किंवा पाण्याच्या बेसची.

दमट हवेत नाकाच्या कडा आधी उघड्या पडतात. तिथे पुन्हा करेक्टर चढवू नका, थर फाटतो. टिश्यूने घाम टिपा आणि किंचित कन्सीलर दाबा. पावडर फक्त नाकाला आणि कपाळाला. गालांवर कोरडे पापुद्रे असतील तर पावडर ते ठळक करते.

आता मेकअपबाहेरचं. गोरं करणारी म्हणून कुणी दिलेली क्रीम थांबवल्यावर आग होऊन चेहरा लाल पडत असेल, तर तिच्यात बेटामेथासोन किंवा क्लोबेटासोलसारखं स्टेरॉइड असू शकतं. ती लाली झाकत बसू नका, ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. गरम चहा, तिखट किंवा ऊन लागलं की गाल वारंवार पेटत असतील, तर रोझेशियाची (चेहरा वारंवार लाल होण्याचा त्वचाविकार) तपासणी करून घ्या. अशा त्वचेला सुगंधी आणि मेंथॉल घातलेली उत्पादनं सोसत नाहीत, म्हणून कानामागे लावून एक दिवस थांबा आणि मगच चेहऱ्याला लावा.

रात्री क्लिन्झिंग बामने मेकअप सैल करून मग सौम्य फेसवॉश. कापसाने खरवडलंत तर सकाळी झाकायला लाली जास्त. पॅलेटच्या मागे उघड्या डबीच्या चित्रात १२ एम लिहिलं असेल तर उघडल्यापासून बारा महिनेच. तेलकट वास आला तर त्याआधीही टाका.