मेडलाइनप्लस: रिपोर्टमधले अवघड शब्द सोपे करणारी साइट

शनिवारी संध्याकाळी बाबांचा टू-डी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट मिळाला. काउंटरवरच्या मुलीने पाकीट हातात दिलं, "डॉक्टर सोमवारी बघतील" म्हणाली आणि पुढचं नाव पुकारलं. बाबांनी रिक्षातच पाकीट उघडलं. 'एलव्हीईएफ ६०%' या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. आयुष्यभर शाळेत पेपर तपासलेला माणूस, त्यांनी ते मार्कांसारखंच वाचलं. "म्हणजे चाळीस टक्के हार्ट गेलंच की गं," एवढंच बोलले. घरी आल्यावर ताटावर बसलेच नाहीत.

त्या रात्री मी मेडलाइनप्लस उघडली. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची ही साइट १९९८ पासून चालू आहे. पैसे नाहीत, जाहिराती नाहीत, लॉगिनही लागत नाही. 'एलव्हीईएफ'मधलं 'ईएफ' म्हणजे 'इजेक्शन फ्रॅक्शन'. ते शोधलं आणि उलगडा झाला. हृदयाचा डावा खालचा कप्पा रक्ताने भरतो. एका ठोक्याला त्यातलं किती टक्के रक्त बाहेर ढकललं जातं, तो हा आकडा. कप्पा पूर्ण रिकामा कधीच होत नाही. धडधाकट माणसाचाही आकडा साधारण ५० ते ७० च्या घरात असतो. मी बाबांना मराठीत सांगितलं, त्यांनी पुन्हा एकदा सांगायला लावलं. रात्री साडेदहाला म्हणाले, "थोडा भात असेल तर वाढ."

तेव्हापासून घरातला प्रत्येक रिपोर्ट मी आधी इथे ताडून बघते. मला सगळ्यात उपयोगी पडला तो शब्द फोडून दाखवणारा भाग. 'हिपॅटो' म्हणजे लिव्हर, 'मेगाली' म्हणजे आकार वाढणं, 'आयटिस' म्हणजे सूज. आईच्या सोनोग्राफीत 'हिपॅटोमेगाली' आलं तेव्हा मी घाबरले नाही, लिव्हर थोडं मोठं दिसतंय एवढं आईला सांगता आलं. 'यकृतवृद्धी' म्हटलं असतं तर ती जास्तच धास्तावली असती.

रक्ताच्या तपासण्यांची पानंही नीट मांडलेली आहेत: तपासणी कशासाठी, तयारी काय, आकड्याचा अर्थ काय. शिवाय साखरेचे आकडे आपल्या लॅबसारखेच मिलिग्रॅममध्ये असतात. ब्रिटिश साइटवर मी एकदा फसले होते. तिकडे उपाशीपोटी साखर ७ म्हणजे आपल्याकडची १२६, आणि आपली एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी) ६.५ टक्के तिकडे ४८ होते, कारण तिकडची एककं वेगळी. अशाने भलताच गोंधळ उडतो.

आता उणिवा. साइट इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये आहे, त्यामुळे आईबाबांच्या हातात फोन देऊन चालत नाही. मधे कुणीतरी सांगणारं लागतं. आपल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं 'बीडी' (दिवसातून दोनदा), 'टीडीएस' (तीनदा) तिकडे 'बीआयडी', 'टीआयडी' असं लिहितात, म्हणून औषधाच्या वेळा मी केमिस्टलाच विचारते. बाबांच्या रिपोर्टमधलं 'नो आरडब्ल्यूएमए' असं आखूड रूपात टाकलं तर मला काहीच सापडलं नाही. एक सवय मात्र लावून घ्या: पान शेवटचं कधी तपासलं ती तारीख खाली असते, ती बघा.

आणि कृपा करून इथे वाचून गोळी बंद किंवा चालू करू नका. शब्दाचा अर्थ कळतो, तुमच्या माणसाला काय झालंय ते डॉक्टरच सांगणार. मी पाचपैकी चार देते. एक मराठीसाठी कापला.

सोमवारी बाबा वहीत तीन प्रश्न लिहून घेऊन गेले. 'ग्रेड वन डायस्टॉलिक डिसफंक्शन' म्हणजे काय, 'ट्रिव्हियल एमआर'ला औषध लागतं का, आणि 'आरडब्ल्यूएमए' काय आहे. डॉक्टरांनी पेन उघडून वहीतच हृदय काढलं. आकुंचनानंतर हृदय सैल पडायला जरा वेळ घेतंय, वय आणि बीपी असलं की हे पुष्कळांना दिसतं. झडप नावापुरती गळते, तिला औषध नको. भिंतीचा कुठलाही भाग हलायचा राहिलेला नाही. बीपीची गोळी मात्र चुकवायची नाही. बाबांनी चित्राखाली तारीख घातली आणि वही खिशात ठेवली.