जुना ट्रेलर घेताना आम्ही कसे फसलो (न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनियावाल्यांनी प्लीज वाचा)

एप्रिल आला की इकडे जुन्या कॅम्पिंग ट्रेलरच्या (म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं छोटं घर) जाहिराती धडाधड यायला लागतात, आणि आमच्या ओळखीतली दोन-तीन कुटुंबं यंदा घ्यायचा विचार करतायत हे परवा कळलं, तेव्हाच ठरवलं की आमच्याबरोबर काय झालं ते सगळं लिहून काढायचं. नवरा म्हणत होता कशाला चार लोकांत सांगायचं, पण आम्हाला त्या वेळी कोणी हे सांगितलं असतं तर साडेअकरा हजार डॉलर वाचले असते, म्हणून लिहितेय.

आम्ही दोघंही नोकरीवाले, एडिसनजवळ राहतो. हातात फक्त शनिवार-रविवार. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आम्ही पहिल्यांदा भाड्याने छोटी आरव्ही, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, घेऊन हिकरी रन स्टेट पार्कला गेलो, पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनोज डोंगरांच्या बाजूला, आमच्याकडून साधारण दोन तास. तिथलं ते बोल्डर फील्ड बघितलं, झाडांच्या मधोमध एकरच्या एकर नुसते दगडच दगड, हिमयुगातले. रात्री थंडी मरणाची, पण आत हीटर चालू, गॅसवर आल्याचा चहा, स्वतःचं बाथरूम. मी तेव्हाच नवऱ्याला म्हटलं की आई-बाबा सांगलीहून जूनमध्ये येतील तेव्हा त्यांना असंच फिरवायचं. बाबांचे गुडघे दुखतात, तंबूत झोपणं शक्य नाही, लांबच्या प्रवासात दर तासाला बाथरूम शोधावं लागतं. आरव्ही म्हणजे त्यांच्यासाठी सोन्याहून पिवळं.

पण दर वेळी भाड्याने घ्यायची तर वीकेंडचेच पाचशे-सहाशे डॉलर जातात. मग आम्हाला सीझनल साईटबद्दल कळलं. म्हणजे कॅम्पग्राउंडमध्ये एकच जागा एप्रिलच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत घ्यायची, ट्रेलर तिथेच उभा, लाईट-पाणी-ड्रेनेज जोडलेलं, आपण शुक्रवारी ऑफिस सुटलं की नुसती कार घेऊन जायचं. आम्हा दोघांना हे एकदम पटलं. पोकोनोजमध्ये एक जागा बघितली आणि हजार डॉलर डिपॉझिट भरून टाकलं. ट्रेलर अजून घेतलाच नव्हता! आमची पहिली चूक हीच, कारण त्यानंतर आम्ही घाईत होतो, आणि जो विकणारा असतो ना त्याला समोरच्याची घाई लगेच कळते.

मार्चच्या शेवटी ऑनलाईन एक जाहिरात दिसली. २०१६ चा २१ फुटी ट्रेलर, आतून सगळा पांढरा रंग दिलेला, पुढच्या भिंतीला फुलाफुलांचा सुंदर वॉलपेपर, 'नुकताच रिमॉडेल केलाय'. किंमत साडेअकरा हजार. तसलेच बाकीचे ट्रेलर चौदा-पंधराला होते. आमच्या हायलँडर गाडीला ५००० पाउंड ओढता येतात आणि हा त्यात बसत होता. फोन केला तर माणूस इतका गोड बोलला की काय सांगू. म्हणे बायकोला दिवस गेलेत, आता कॅम्पिंग जमणार नाही, मन होत नाही पण विकतोय. अजून दोघं जण मागे लागलेत, पाचशे डॉलर पाठवलेत तर तुमच्यासाठी धरून ठेवतो. नवऱ्याने बँकेच्या अॅपवरून लगेच पाठवले. पैसे गेले एका बाईच्या नावावर. विचारलं तर म्हणाला बायकोचं खातं आहे.

बघायला बोलावलं रविवारी संध्याकाळी साडेसहाला, पेनसिल्व्हेनियात एका सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये. घरी का नाही, तर म्हणे आमचा रस्ता अरुंद आहे, ट्रेलर काढायला त्रास होतो. त्याच्या ट्रकमध्ये मागे लहान बाळाची कार सीट होती, अगदी कोरी. तेव्हा ती बघून मला त्याच्याबद्दल मायाच वाटली.

आत गेलो तर हीटर चालू, मस्त उबदार, आणि व्हॅनिलाचा घमघमाट. तीन-तीन ठिकाणी सेंट लावलेले. पुढच्या बाजूला बेड, त्यावर उशांचा ढीग, भिंतीपर्यंत रचलेला. नवरा म्हणाला वर छत बघू का, तर तो म्हणाला शिडी आणली नाही आणि हे छत माणसाचं वजन घेत नाही. आम्हाला खरं वाटलं. फ्रिज चालतोय, पंप चालतोय, दिवे लागतायत, एवढं बघितलं. अंधार पडत होता, त्याचा फोन सारखा वाजत होता आणि तो मुद्दाम आम्हाला ऐकू येईल असं बोलायचा की हो अजून आहे, इथे एक कपल आलंय, त्यांनी नाही म्हटलं तर तुमचा. दुसऱ्या दिवशी सोमवार, आमची दोघांची सकाळची ऑफिसं. पुढचा वीकेंड म्हणजे पुढचा आठवडा, तोपर्यंत जाईल. घेऊन टाकला. अकरा हजार कॅश आम्ही बरोबर घेऊन गेलो होतो कारण त्याने आधीच सांगितलं होतं की चेक नको.

कागद म्हणून त्याने टायटल, म्हणजे मालकीचा सरकारी कागद, दिलं. त्यावर नाव एका दुसऱ्याच माणसाचं, मागे विकणाऱ्याच्या जागी त्या माणसाची सही आधीच केलेली आणि घेणाऱ्याची जागा कोरी. मी विचारलं, अगदी स्पष्ट विचारलं, की हे नाव कोणाचं? तर म्हणाला सासऱ्यांचं, त्यांनी आम्हाला लग्नात दिला होता, नावावर करायचं राहूनच गेलं. तुम्ही तुमचं नाव टाका, झालं काम. आणि वर म्हणाला की तुम्ही नवीन आहात, मीच नेऊन सोडतो, डिलिव्हरीचे पैसे नकोत. खरंच त्याने आमच्या इथल्या स्टोरेज यार्डात आणून लावला, त्याची नंबर प्लेट काढली आणि गेला. इकडे विकताना प्लेट काढून नेतातच त्यामुळे त्यात काही वावगं वाटलं नाही. त्याचं घर आम्ही कधी बघितलंच नाही हे मला पुढे तीन आठवड्यांनी लक्षात आलं.

टायटल नावावर करायला मोटर व्हेइकल कमिशनमध्ये (न्यू जर्सीचं आरटीओ म्हणा) गेलो, तर खिडकीवरच्या बाईंनी टायटल उलटं करून बघितलं आणि परत माझ्याकडे सरकवलं. पेनसिल्व्हेनियाच्या टायटलवर विकणाऱ्याची सही नोटरीसमोर करावी लागते, यावर नोटरीचा शिक्काच नाही, म्हणून होणार नाही. बाहेर येऊन त्या माणसाला फोन लावला, लागला. म्हणाला अरे हो, सासऱ्यांना घेऊन नोटरीकडे जातो, या आठवड्यात करतो. पुढच्या आठवड्यात फोन वाजत राहिला. त्याच्या पुढच्या आठवड्यात नंबरच बंद. तिकडे कॅम्पग्राउंडवाले रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्सचे कागद मागत होते, ते नाहीत म्हणून जागा दुसऱ्याला गेली आणि डिपॉझिटमधले फक्त चारशे परत आले.

शेवटी मी टायटलवरच्या पत्त्यावर एक साधं पत्र टाकलं, खाली माझा नंबर लिहिला. दहा दिवसांनी एका वयस्कर गृहस्थांचा फोन आला. मी सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते, मग त्यांनी विचारलं, "पुढचा कोपरा त्याने दुरुस्त केला ना?"

माझ्या पोटात गोळाच आला. ते त्याचे सासरे-बिसरे कोणी नव्हते. नोव्हेंबरमध्ये त्यांनी तो ट्रेलर त्याला तीन हजारांना विकला होता. वादळात झाडाची फांदी पडून छताचा पुढचा भाग फाटला होता, दोन हिवाळे पाणी आत जात होतं, आणि हे सगळं त्यांनी त्याला दाखवून, बोलून विकलं होतं.

त्याच रात्री आम्ही यार्डात गेलो. ट्रेलरचं दार उघडलं तर व्हॅनिला कधीच उडून गेलेलं, आणि कसला कुबट वास, पावसाळ्यात बंद ठेवलेल्या कपाटाचा असतो ना तसा, त्याहून वाईट. बेडवरच्या उशा बाजूला केल्या. मोबाईलच्या टॉर्चने भिंत बघितली तर वॉलपेपर जिथे कोपऱ्याला मिळतो तिथे बारीक पिवळी रेघ. मी अंगठ्याने दाबलं तर अंगठा आत गेला. जोर नाही लावला हो मी, नुसतं टेकवलं. नवऱ्याने वॉलपेपरचं टोक धरून ओढलं तर त्याच्याबरोबर प्लायचा तुकडाच हातात आला, चहात बुडवलेल्या खारीसारखा, आणि त्याच्या मागे काळी बुरशी वरपासून खालपर्यंत. आईला दमा आहे. त्या बेडवर, त्या भिंतीकडे डोकं करून ती झोपणार होती, मी तिच्यासाठी नवीन चादरी घेऊन ठेवल्या होत्या. मी तिथे खाली बसून रडले, पैशांसाठी नाही.

त्या गृहस्थांचे उपकार मी विसरणार नाही. ते स्वतः आमच्याबरोबर नोटरीकडे आले, कागद नीट करून दिले, एक पैसा घेतला नाही. पण कागद नीट झाल्यावर खरी गोम कळली. टायटल त्यांच्याकडून सरळ आमच्या नावावर आलं. मधला तो माणूस कागदावर कुठेच नाही! त्याने स्वतःच्या नावावर ट्रेलर घेतलाच नाही, म्हणजे टॅक्स नाही, विक्रीचं लायसन्स नाही, आणि कोर्टात जायचं तर कोणाविरुद्ध हेच माहीत नाही. याला इकडे टायटल जंपिंग म्हणतात आणि हे बेकायदेशीर आहे. खराब झालेले ट्रेलर स्वस्तात उचलायचे, वरून रंगरंगोटी करायची आणि घरचाच आहे असं सांगून विकायचं, हा काही लोकांचा धंदाच आहे. पेनसिल्व्हेनियात १२००० डॉलरपर्यंतचा दावा मॅजिस्टेरियल डिस्ट्रिक्ट कोर्टात (छोट्या दाव्यांचं स्थानिक कोर्ट) वकिलाशिवाय लावता येतो, आमची रक्कम त्यात बसत होती, पण नाव-पत्ता कुठून आणणार. पोलिसांनी रिपोर्ट घेतला आणि सांगितलं की हा दिवाणी मामला आहे. बँक म्हणाली पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. फेडरल ट्रेड कमिशनकडे आणि पेनसिल्व्हेनियाच्या अॅटर्नी जनरलकडे तक्रार केली आहे, अजून हाती काही लागलं नाही.

मे महिन्यात मी सहज जाहिराती चाळत होते तर दुसऱ्याच नावाने, दुसऱ्याच नंबरने एक ट्रेलर दिसला, आणि फोटोत मागे तीच हिरवी शेड, पांढऱ्या दाराची. आमच्या ट्रेलरच्या फोटोतही तीच होती. आतून पांढरा रंग, पुढे वॉलपेपर. मी स्क्रीनशॉट काढून पोलिसांना पाठवला, जाहिरात रिपोर्ट केली, दोन दिवसांत गेली. पण तो दुसरीकडे टाकतच असणार.

म्हणून ज्यांना घ्यायचाय त्यांनी कृपा करून एवढं करा. टायटलवरचं नाव आणि समोरच्या माणसाचं ड्रायव्हिंग लायसन्स, दोन्ही शेजारी शेजारी धरून बघा, पैशांचं बोलणं त्याच्यानंतर. नाव वेगळं असेल तर कारण काहीही सांगू दे, सासरा, मेहुणा, वारलेला काका, तिथून निघा. पेनसिल्व्हेनियाचं टायटल असेल तर नोटरीकडेच भेटायचं, तिथेच सही आणि तिथेच पैसे. त्याच्या घरी जा, दिवसा जा, आणि शिडी स्वतः घेऊन जा. ओल मोजायचं मीटर चाळीस डॉलरच्या आत मिळतं, ते खिडक्यांच्या खाली, चारही कोपऱ्यांत, बेडच्या मागे, कपाटांच्या आत लावून बघा, आणि जमीन पायाने दाबत चाला. बाहेरून भिंतीच्या कडेला डोळा लावून तिरकं बघितलं की फायबरग्लास फुगलेलं असेल तर लगेच दिसतं, समोरून दिसत नाही. आत शिरल्या शिरल्या फार सुगंध आला तर सेंट बाहेर काढायला लावा, दारं-खिडक्या बंद करून अर्धा तास थांबा, मग वास घ्या. आणि टायर! त्यावर DOT अशी अक्षरं असलेल्या नंबरचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. आमच्यावर २३१५ होतं, म्हणजे २०१५ चा तेविसावा आठवडा, टायर ट्रेलरइतकेच जुने, वरून पॉलिश मारून काळेभोर केलेले, आणि हा नंबर आतल्या बाजूला होता त्यामुळे खाली वाकल्याशिवाय दिसणारच नाही. हायवेवर फुटले असते तर काय झालं असतं याचा मी विचार करत नाही. स्वतःला जमत नसेल तर इन्स्पेक्टर मिळतात, आम्हाला नंतर एकाने साडेचारशे सांगितले होते. विकणारा इन्स्पेक्टरला नाही म्हणाला तर त्यातच काय ते समजा.

दुरुस्तीचा अंदाज आला आठ हजार सातशे. एका ओळखीच्याने सुचवलं की परत वॉलपेपर लावा आणि विकून टाका, तुम्हालाही तसाच मिळाला ना. मला त्याचं इतकं वाईट वाटलं की मी त्याच्याशी नंतर नीट बोलूच शकले नाही. खालची फ्रेम चांगली होती, ती हवी असलेल्या एका माणसाला आम्ही अठराशेला दिला, आणि बिल ऑफ सेलवर, म्हणजे विक्रीच्या कागदावर, 'पुढची भिंत पूर्ण कुजलेली, बुरशी आहे' असं मी माझ्या हाताने लिहिलं.

आई-बाबा जूनमध्ये आले. बाबांना सगळं सांगितलं तर एवढंच म्हणाले, "तुम्ही दोघं धड आहात ना, मग झालं." परत भाड्याचीच आरव्ही घेऊन दोन रात्री हिकरी रनला गेलो, आईने तिथे पिठलं-भात केला, दोन्ही रात्री शांत झोपली. पण ती झोपायच्या आधी मी भिंत दाबून बघितली, चारही कोपरे, आणि अजूनही कुठल्याही आरव्हीत पाय ठेवला की माझा हात आधी भिंतीकडेच जातो.

मीटर आणि शिडी माझ्या गाडीत असते. एडिसनपासून तासा-दीड तासाच्या आत कोणी ट्रेलर बघायला जाणार असेल तर मला आधी सांगा, शनिवारी सकाळी मी तुमच्याबरोबर येईन.