नऊ महिन्यांचा सोलर: पाणी कडक, पण पाइपातली ती गुडगुड!

गेल्या नोव्हेंबरात कळंब्याच्या घरावर 200 लिटरचा, काचेच्या 20 नळ्यांचा सोलर बसवला. पाण्याचं आधी सांगून टाकतो. उन्हाळ्यात हात भाजतो, थंडीत चौघांच्या अंघोळी निवांत होतात, आणि या जुलैत जवळजवळ रोज गिझर लावावा लागला. कोल्हापूरच्या पावसापुढं सोलर तरी काय करणार!

डोकेदुखी निघाली ती पाइपात. महिनाभरातच गरम नळ सोडला की आधी फुसफुस, मग गुडगुड, मग करंगळीएवढी धार. गार नळ मात्र जोरात. बसवणाऱ्यांना फोन केला तर म्हणे, "नळ्यांत क्षार साचला असणार, सर्व्हिसिंग करून घ्या." महिन्यात क्षार? बोअरचं पाणी आम्ही सोलरच्या टाकीत सोडतसुद्धा नाही.

शेवटी स्वतःच गच्चीवर गेलो. गरम पाण्याचा पाइप कठड्यावरून चढवून पलीकडं उतरवला होता, अगदी कमानीसारखा. चहाचं आधण ठेवल्यावर उकळीच्या आधी तळाशी बारीक बुडबुडे दिसतात ना, ती पाण्यात विरघळलेली हवा. सोलरमध्येही पाणी तापलं की ती सुटते आणि कमानीच्या माथ्यावर जाऊन बसते. आमच्या लाइनला पंप नाही, टाकीच्या उंचीचा असेल तेवढाच दाब. तो या हवेला रेटू शकत नाही.

इंग्लंडला असलेल्या मावसभावाला हे सांगितलं तर तो हसायलाच लागला. त्याच्या घरी थंडीत रेडिएटर खालून गरम आणि वरून गार लागला की समजायचं, वर हवा साठली. छोट्या चावीनं वरचा स्क्रू सैल करायचा, हवा जाऊन पाणी दिसलं की आवळायचा. आमच्याकडं कुठली चावी! इथं गरम-गार पाणी एकत्र येणाऱ्या मिक्सर नळाचं तोंड तळहातानं घट्ट दाबून गरम-गार दोन्ही नळ अर्धा मिनिट सोडायचे. गार पाणी उलटं गरम लाइनीत चढतं आणि हवा वर ढकलतं. जमतं, पण दर आठवड्याला कोण करणार?

मग ओळखीच्या प्लंबरमामांनी कमान कापली, पाइपाला टाकीपासून सलग उतार दिला, आणि माथ्यावर हवेची उघडी नळी उभी केली. तिचं तोंड गार पाण्याच्या टाकीतल्या पातळीपेक्षा वर हवं, नाहीतर गच्चीभर पाणी. गुडगुड त्याच दिवशी थांबली.

सकाळी पहिलं गरम पाणी आलं की भिंतीत टक् टक् मात्र अजून व्हायचं. ही हवा नव्हे. सीपीव्हीसीचा, म्हणजे गरम पाण्याच्या प्लास्टिकचा, 10 मीटर पाइप 40 अंशांनी तापला तर जवळजवळ अडीच सेंटिमीटर लांबतो आणि घट्ट क्लॅम्पात घासतो. दोन क्लॅम्प सैल केले, आता क्वचित.

मे महिन्यात टाकी धुतली तेव्हा लाइनीत हवा शिरलीच. एकदा तळहाताचा प्रयोग केला, झालं. सोलर भरला मात्र रात्री. भर उन्हात कोरड्या तापलेल्या नळ्यांत गार पाणी गेलं की काच तडकते.

परवा बसवणाऱ्यांचा वार्षिक सर्व्हिसिंगसाठी फोन आला. आईनंच उचलला: "आमची गुडगुड बंद झालीया, राहू दे."