६७५ पट आणि रुपयाएवढं भोक

लेकीला शनीची कडी बघायची होती म्हणून सोलापुरातल्या एका दुकानातून दुर्बीण आणली. खोक्यावर शनीचा झगझगीत फोटो आणि ठळक अक्षरांत ‘६७५ पट’. दुकानदारानं गच्चीवर नेऊन लांबच्या पाण्याच्या टाकीवरची अक्षरं वाचून दाखवली. “मालक, चंद्रावरचे खड्डे मोजत बसा.” आठ हजार मोजले. बिल नको म्हणालो तर चारशे कमी केले, तेवढ्यावरच मी खूश.

चादर घेताना आपण उलगडतो, उजेडाला धरतो, हातात तोलतो. इथं मात्र खोक्यावरचा आकडा बघून पाकीट काढलं.

टाकी दाखवताना त्यानं २० मिमीचा आयपीस, म्हणजे डोळ्याजवळचं भिंग, लावला होता, म्हणजे जेमतेम ४५ पट. दिवसा उजेडही भरपूर. रात्री घरी गुरू पकडला, ४ मिमीचा आयपीस आणि प्रतिमा तिप्पट करणारी बार्लो नावाची जोडलेन्स लावली. पुढच्या लेन्सचं नाभीय अंतर, म्हणजे लेन्सपासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर, ९०० मिमी. भागिले ४, गुणिले ३, झाले ६७५. हिशोब अगदी बरोबर! दिसला तो उकडलेल्या बटाट्यासारखा मळका गोळा. फोकसच्या चाकाला बोट लावलं की स्टँड लटपटायचा आणि गोळा गायब. “पप्पा, टाकीच बघू परत,” लेक म्हणाली.

मग वाचत बसलो. पुढच्या लेन्सचा व्यास जितके मिमी, साधारण त्याच्या दुपटीपर्यंतच मोठं करून बघणं कामाचं. माझ्या ६० मिमीला १२० पट. त्यापुढे नुसता धूसरपणा वाढतो. पण माझी दुर्बीण ८० पटीलाही रडत होती. शेवटी पुढची लेन्स फिरवून काढली. मागे काळी प्लास्टिकची चकती आणि तिला रुपयाच्या नाण्याएवढं भोक! भिकार लेन्सच्या कडेचे दोष लपवायला ती बसवलेली. ६० मिमीचे पैसे घेऊन २५ मिमी गळ्यात मारली, म्हणजे प्रकाश सहाव्या हिश्श्याहून थोडा जास्त.

खोक्यात आयपीसवर लावायची ‘सूर्य’ लिहिलेली काळी काचही होती. ती मात्र मी त्याच दिवशी वरवंट्यानं फोडली. एकवटलेल्या उन्हानं ती तडकली तर डोळा जातो.

दुकानदार म्हणाला, “आम्ही विकलीच नाही.” बिलात मुदत नसली तरी सदोष माल ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही. पण बिलच नाही, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करून सांगणार काय?

गुरूचे चार चंद्र लेकीनं नंतर हिप्परगा तलावाकाठी पाहिले, मित्राच्या १०×५० च्या, म्हणजे १० पट आणि ५० मिमी लेन्सच्या, द्विनेत्रीतून.

तुम्ही घ्यायला गेलात तर ‘किती पट’ विचारू नका, लेन्स किती मिमी ते विचारा. स्टँडला टिचकी मारा. पुढून मोबाईलचा टॉर्च नळीत मारून आत तसली चकती नाही ना ते बघा. दुकानदार आडवा आला, तर खोकं काउंटरवर ठेवा आणि उठा.