हातातले जीपीएस, आठ महिने आणि पेन्सिल सेलचा हिशेब

जूनमध्ये घेतलेल्या या जीपीएस यंत्राविषयी मी ऑक्टोबरातच लिहिणार होतो आणि तेव्हा लिहिले असते, तर ते फार कडवट झाले असते. कारण एकच, सेल. माहितीपत्रकात दोन पेन्सिल सेलवर 25 तास असे छापलेले असताना, माझ्याकडे पाच-सहा तासांतच बॅटरी संपत आल्याची सूचना येई. वापरलेले सेल फेकणे जिवावर येते, म्हणून मी चार्ज होणारे सेल मुद्दाम महाग असूनही घेतले होते. तरीही पारगडाच्या रानातून दोनदा अर्ध्या वाटेवरून परतावे लागले.

बेळगावात सेवाकेंद्र नाही. बेंगळुरूच्या केंद्राने कळवले की, कुरियर आपल्या खर्चाने करावे, तपासणी शुल्क आगाऊ भरावे आणि दोष न सापडल्यास ते परत मिळणार नाही. वॉरंटीतल्या यंत्रासाठी हे ऐकून माझा संताप झाला आणि मी यंत्र पाठवलेच नाही.

उलगडा केला तो खडेबाजारातल्या एका फोटोग्राफरने. फ्लॅशमध्ये असेच सेल वापरणाऱ्या त्या गृहस्थांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘सेटिंगमध्ये सेलचा प्रकार बदललात का?’’ साधा अल्कलाइन सेल 1.5 व्होल्टचा, तर चार्ज होणारा निकेल-मेटल हायड्राइड सेल 1.2 व्होल्टचा असतो; त्यामुळे यंत्र अल्कलाइनवर ठेवले, तर भरलेला सेलही त्याला अर्धा रिकामा वाटतो. यंत्र बंद पडत नव्हते, मीच घाबरून ते बंद करत होतो. आता दोन रविवार एका चार्जवर निघतात. मात्र हे सेटिंग तिसऱ्या पडद्याआड दडवणाऱ्यांना मी अजून माफ केलेले नाही.

मोबाइल असताना हे कशाला, असे घरीही विचारले गेले. रेंज नसली तरी मोबाइलचे जीपीएस चालते, कारण स्थान टॉवरवरून नव्हे, तर सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांवरून ठरते; नकाशा तेवढा आधी उतरवून ठेवावा लागतो. परंतु जांबोटी-कणकुंबीच्या पावसात ओल्या काचेवर बोट चालत नाही, बटणे चालतात. दाट झाडीत स्थान काही मीटर सरकते, ते दोन्हीकडे सारखेच. चोर्ला घाटातून गोव्याला गाडीने जाताना मात्र मी मोबाइलच लावतो, कारण हे यंत्र वळण बोलून सांगत नाही आणि इवल्या पडद्याकडे पाहत घाट उतरणे मला जमणार नाही.

तेव्हा केवळ गाडीसाठी हवे असेल, तर घेऊ नये. पायी फिरण्यासाठी घेणार असाल, तर चार सेल आणि चांगला चार्जर यांचे पैसे किमतीत आधीच धरावेत. मी ते धरले नव्हते.