ब्लॉक, अर्काइव्ह की रिस्ट्रिक्ट? घरून विकणाऱ्यांनी काय निवडावं

सोलापुरात घरगुती शेंगाचटणी, कडक भाकरी नाहीतर टॉवेल-चादरी विकायच्या म्हटल्या की स्वतःचा व्हॉट्सॲप नंबर पाकिटावर छापावाच लागतो. मग 'अर्धा किलो चटणी पुण्याला पाठवाल का?' याच्या जोडीने 'हाय', 'डीपी छान आहे' आणि 'घरबसल्या लोन' हेही येतं. नंबर लपवणं परवडत नाही, तेव्हा कुणाला कसं थोपवायचं एवढंच आपल्या हातात उरतं.

व्हॉट्सॲपचं ब्लॉक सगळ्यात कडक. समोरच्याला तसं कळवलं जात नाही, पण त्याच्या मेसेजवर एकच टिक राहते, तुमचं लास्ट सीन दिसेनासं होतं, त्यामुळे हुशार माणूस ओळखतोच. खरी मेख पुढे आहे. ब्लॉक असताना त्याने पाठवलेलं काहीही नंतर अनब्लॉक करूनही मिळत नाही. उधारी थकवून वर डोकं खाणाऱ्या दुकानदाराला ब्लॉक केलंत, तर 'पैसे टाकलेत, बघा' हा त्याचा मेसेजही गेलाच. बचत गटाच्या ग्रुपमध्ये दोघंही असाल, तर तिथलं एकमेकांचं लिहिलेलं दिसतच राहतं. साधा फोन आणि एसएमएसही थांबत नाहीत. ते फोनच्या सेटिंगमधून वेगळे बंद करावे लागतात.

अर्काइव्ह याच्या उलट, मवाळ. चॅट यादीतून बाजूला जाते, नवा मेसेज आला तरी वर येत नाही, फोनही वाजत नाही. पाठवणाऱ्याला मात्र नेहमीसारख्या दोन टिका दिसतात. रोज सकाळी फुलं आणि सुविचार पाठवणाऱ्या आत्याबाईंसाठी हेच बरं. गड्ड्याच्या यात्रेत गाठ पडली तर तोंड चुकवायला नको. नुसतं म्यूट केलं तर आवाज बंद होतो, चॅट मात्र डोळ्यासमोर राहते. त्यात फारसा अर्थ नाही.

इन्स्टाग्रामवर दुकान असेल, तर तिथलं रिस्ट्रिक्ट मला जास्त आवडतं. त्या माणसाचे मेसेज रिक्वेस्टमध्ये जाऊन पडतात, तुम्ही वाचलेत की नाही किंवा ऑनलाइन आहात का, हे त्याला कळत नाही. कटकटं पण कधीतरी खरेदी करणारं गिऱ्हाईक असेल, तर एवढं पुरे. घाणेरडं लिहिणाऱ्याला मात्र ही सवलत नको. त्याला ब्लॉकच करा, आणि ब्लॉक करताना त्याच्या नव्या खात्यांनाही अडवण्याचा पर्याय निवडा.

अनोळखी त्रासदायक नंबर असेल तर व्हॉट्सॲपवर ब्लॉकसोबत रिपोर्टही करा. त्याचे शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात, त्याला पत्ता लागत नाही. फक्त त्याआधी नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट काढून ठेवा. चॅट पुसली गेली तर पोलिसांत दाखवायला काही उरत नाही. पैशांची फसवणूक झाली असेल तर 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर लगेच फोन लावा, ब्लॉकचं नंतर बघू.